युद्धकालीन भावनियंत्रण आणि नीरा कालव्याखालचा शेतकरी

लढाई कोठेंहि पेटो, तिची झळ अखेरीस शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत येऊन पोंचते. २०२२ सालीं रशिया व युक्रेन या देशांमध्यें युद्ध जुंपलें. तें रणांगण बारामती-इंदापूरपासून हजारों मैल दूर. पण त्याच वर्षीं १३ मे रोजीं भारत सरकारनें गव्हाच्या निर्यातीस बंदी केली, आणि १ जूनपासून साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आले. देशांतील ग्राहकाला माल परवडेल अशा दरानें मिळावा, हा त्यांतील हेतु. त्या हेतूंत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्याच्या मालाला परदेशांत चढा भाव मिळत होता, त्या उत्पादकाच्या मनांत एक जुना प्रश्न पुन्हां जागा झाला: संकटाच्या वेळीं सरकारनें भाव बांधावे हें मान्य, पण बांधले जातात ते नेमके कोणाचे?

हाच प्रश्न आपल्या भागांत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं, १९३९ पासून पुढें, फार तीव्रतेनें उभा राहिला होता. परवाना, लेव्ही, रेशन, काळा बाजार हे शब्द त्याच सुमारास खेड्यापाड्यांतील बोलींत रुळले. ज्यांनीं तो काळ पाहिला अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. त्यांचा अनुभव केवळ गाऱ्हाणें म्हणून न ऐकतां हिशेब म्हणून तपासावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

एका मुलखांतील दोन शेतकरी

इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा; दोहोंचा संगम नीरा-नरसिंहपूर येथें. बारामती तालुक्यांतून कऱ्हा वाहते आणि दक्षिणेच्या शिवेवर नीराच आहे. नद्या अशा तीन असल्या, तरी पाऊस वीस इंचांच्या आगेमागें, आणि तोहि बेभरंवशाचा. १८७६-७७ च्या दुष्काळानें हा मुलूख होरपळला. त्याच वेळीं दुष्काळी काम म्हणून नीरा डाव्या कालव्याला हात घातला गेला आणि १८८५ च्या सुमारास त्यांतून पाणी वाहूं लागलें. भाटघर धरणाच्या सांठ्यामुळें तें बारमाही झालें.

कालव्यानें या मुलखाचे दोन भाग केले. कालव्याखालचीं माळेगांव, पणदरें, सणसर, लासुर्णें यांसारखीं गांवें उसाचीं झालीं. सुपें-मोरगांवकडचा माळ आणि भीमाकांठची काळी मात्र आभाळाकडे डोळे लावून बसणारी राहिली. तेथें हस्ताचा पाऊस पडला तर शाळूची ज्वारी, न पडला तर कडबासुद्धां नाहीं. (भीमाकांठचें हें चित्र उजनी धरण १९८० सालीं पुरें झाल्यावर बरेंच पालटलें, पण आपण बोलतों आहों तें त्यापूर्वींच्या काळाविषयीं.)

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. १९३२ सालीं साखर धंद्याला संरक्षण मिळालें आणि दक्षिणेंत कारखाने निघाले. इंदापूर तालुक्यांत कळंब येथें वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला. परंतु या कारखान्यांची पद्धत खंडानें जमिनी घेऊन स्वतःचा ऊस स्वतः पिकविण्याची होती. म्हणून कालव्याखालच्या सामान्य बागाईतदाराचा ऊस कारखान्यांत न जातां गुऱ्हाळांत जाई. त्याचें सारें नशीब गुळाच्या ढेपेशीं बांधलेलें होतें. उलट जिराईतदाराचें नशीब पेवांतल्या ज्वारीशीं. युद्धकाळांत सरकारचा हात या दोन्ही वस्तूंवर पडला, पण वेगवेगळ्या रीतीनें.

नुसता भाव बांधल्यानें काय होतें

सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू होतांच हिंदुस्थान संरक्षण कायदा व त्याखालील नियम अमलांत आले. जीवनोपयोगी वस्तूंचें उत्पादन, पुरवठा, वांटप व किंमत यांवर हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला मिळाला, आणि प्रांतिक सरकारांनाहि कांहीं वस्तूंचे कमाल भाव ठरविण्याची मुभा देण्यांत आली. आरंभींचीं दोन वर्षें हा अधिकार बेताबेतानेंच वापरला गेला. मंदीच्या काळांत खचलेला शेतमालाचा भाव जरा वर येत होता आणि त्यांत शेतकऱ्याला समाधानच होतें.

डिसेंबर १९४१ मध्यें सरकारनें गव्हाचा कमाल भाव बांधला. लायलपूर व हापुड या बाजारांत मणास ४ रुपये ६ आणे, असा तो दर होता. पुढें काय झालें तें शिकण्यासारखें आहे. भाव कागदावर राहिला आणि गहूं बाजारांतून नाहींसा झाला. सरकारजवळ स्वतःचा सांठा नव्हता, विकणाऱ्यावर विकण्याची सक्ति नव्हती, आणि खाणाऱ्याला ठराविक वांटा देणारी दुकानेंहि नव्हतीं. अशा वेळीं कमी भाव म्हणजे माल दडविण्याचें निमंत्रणच. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि टंचाई अधिकच वाढली. शेवटीं जानेवारी १९४३ मध्यें गव्हाच्या भावावरील बंधन सरकारला स्वतःच उठवावें लागलें.

याच्या उलट टोंकाची चूक बंगाल्यांत घडली. तेथें मार्च १९४३ मध्यें तांदुळावरील भावनियंत्रण काढलें, आणि दोन-तीन महिन्यांत कलकत्त्याच्या बाजारांत तांदुळाचा भाव सुमारें दुप्पट झाला. त्या वर्षाच्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. म्हणजे सांठ्यावांचून भाव बांधणें फोल, आणि सांठ्यावांचून भाव मोकळा सोडणें प्राणघातक. दोहोंचें मूळ एकच: प्रत्यक्ष धान्य हातीं नसणें.

मुंबई प्रांतानें यांतून निराळा मार्ग काढला. विजापूरकडे १९४२-४३ सालीं दुष्काळ होता आणि मुंबई शहर बाहेरच्या धान्यावरच जगणारें. २ मे १९४३ रोजीं मुंबईंत रेशन सुरू झालें. त्याच वर्षीं मध्यवर्ती सरकारनें नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीनेंहि एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत रेशन असावें, अशी शिफारस केली. पण रेशनच्या दुकानांत ठेवावयाचें धान्य आणावयाचें कोठून? तें जेथें पिकतें तेथूनच. म्हणून लेव्ही आली.

लेव्हीची ज्वारी

लेव्ही म्हणजे प्रत्येक धान्यपिकव्यानें आपल्या पिकाचा ठरलेला हिस्सा ठरलेल्या भावानें सरकारला विकण्याची सक्ति. घरखर्चापुरतें धान्य शेतकऱ्यापाशीं राहावें आणि धारण जितकें मोठें तितका हिस्सा अधिक असावा, असें तिचें सर्वसाधारण तत्त्व. तत्त्व म्हणून यांत दोष काढणें कठीण आहे. पन्नास एकरांचा धनी आणि पांच एकरांचा धनी यांना एकाच मापानें मोजलें नाहीं, हें योग्यच झालें.

अडचण होती ती पीक ठरविण्यांत. त्याचा आधार म्हणजे आपली जुनी आणेवारी. सोळा आणे म्हणजे पुरें पीक, आणि चार आण्यांच्या आंत आलें तर शेतसाऱ्याची तहकुबी. या पद्धतीमुळें आणेवारी कमी लागावी याची शेतकऱ्याला, आणि ती जास्त लागावी याची सरकारी नोकराला, पिढ्यान्‌पिढ्यांची संवय जडलेली. साऱ्याच्या बाबतींत चूक झाली तर रुपयांचें नुकसान होई व तें पुढच्या सालीं भरून निघे. लेव्हींत चूक झाली तर घरांतलें खाण्याचें धान्य उचललें जाई. इंदापूरच्या काळींत एकाच गांवच्या शिवारांत नदीकडचा शाळू बारा आणे आणि माळाकडचा तीन आणे असणें ही नित्याची गोष्ट. गांवाची मिळून एकच आणेवारी लावली कीं नदीकडचा सुटतो व माळाकडचा भरडला जातो. लेव्हीचा खरा जाच भावांत कमी आणि या सरासरींत अधिक होता.

दुसरा जाच शिवेचा. परवान्यावांचून धान्य जिल्ह्याबाहेर नेण्यास मनाई. आतां इंदापूरचा नकाशा पाहावा. भीमेपलीकडे सोलापूर जिल्हा, नीरेपलीकडे अकलूजकडचा भाग, तोहि सोलापूर जिल्हाच. आणि बारामतीहून नीरा ओलांडली कीं फलटणचें संस्थान, म्हणजे १९४८ पर्यंत निराळेंच राज्य. ज्या लोकांची सोयरीक, बाजार व गुरांची खरेदी-विक्री नदीच्या दोन्ही कांठांवर चाले, त्यांना लेकीच्या घरीं पोतेंभर ज्वारी पोंचविणें हाहि गुन्हा ठरूं शकत होता.

हें सारें खरें असूनहि दुसरी बाजू झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पेवांत आणि कडब्याच्या गंजीखालीं धान्य लपविणारे हात आपल्याच वर्गाचे होते. लपविलेली ज्वारी रात्रीं काळ्या बाजारांत जाई, आणि तिची किंमत देई तो शहरांतला गिरणी-कामगार किंवा आपल्याच गांवचा रोखीनें राबणारा मजूर. ज्या सालगड्याला वा बलुतेदाराला धान्यांत मोबदला मिळे तो तरला. ज्याला रोख आणे मिळत त्याचे आणे तेवढेच राहिले आणि ज्वारी महागली. विकण्यास शिल्लक असणाऱ्या धारकानें त्या वर्षांत सावकाराचीं जुनीं देणीं फेडलीं. विकत खाणाऱ्यानें नवीं केलीं. लेव्हीविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला होता, पण तो हें कबूल केल्यानंतरचा.

गुळाची कथा

आतां कालव्याखालीं येऊं. १९४२ सालीं साखरेवर नियंत्रण आलें. तिचा भाव व वांटप सरकारच्या हातीं गेलें. गूळ मात्र मोकळा होता. परिणाम व्हावयाचा तोच झाला. गुळाचा भाव चढला, आणि उत्तरेकडे जेथें कारखाने शेतकऱ्यांचा ऊस विकत घेत, तेथें ऊस कारखान्याकडून गुऱ्हाळाकडे वळला. साखर कमी पडूं लागली. तेव्हां १९४३ सालीं गुळावरहि नियंत्रणाचा हुकूम निघाला.

उत्तरेंतील रोगाचें औषध नीराकांठच्या शेतकऱ्यालाहि घ्यावें लागलें. वास्तविक त्याचा ऊस साखरेच्या कारखान्याशीं स्पर्धा करीतच नव्हता. गुऱ्हाळावांचून त्याला दुसरी वाटच नव्हती. पण याहून मोठा प्रश्न काळाचा होता. आपल्याकडील अडसाली ऊस आषाढ-श्रावणांत लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनीं तुटतो. समजा, माळेगांवच्या एका बागाईतदारानें १९४२ च्या पावसाळ्यांत चार एकर लागण केली. त्या वेळीं गूळ मोकळा होता. त्या भरंवशावर त्यानें शेंगदाण्याची पेंड चढ्या भावानें घेतली, कारण परदेशी सल्फेट ऑफ अमोनिया मिळेनासें झालें होतें. बांधणीला मजूर वाढीव दरानें लावले. कालव्याची पाणीपट्टी भरली. हा ऊस गुऱ्हाळाला आला तो १९४३-४४ च्या हिंवाळ्यांत, म्हणजे गुळाचा हुकूम निघाल्यावर. खर्च त्यानें मोकळ्या बाजारांत केला आणि विक्री बांधलेल्या बाजारांत. ज्वारी पिकविणारा पांच महिन्यांत आपला बेत बदलूं शकतो. उसाचा धनी दीड वर्षापूर्वींच्या बेतांत अडकलेला असतो. भाव ठरविणारा हुकूम एका दिवसांत निघतो, हें उसाच्या पिकाला कळत नाहीं.

पुन्हां, हाच बागाईतदार ज्वारी विकत घेणारा. कालव्याखालच्या ज्याच्या जमिनींत सारा ऊस, त्याला घरच्या माणसांसाठीं व गड्यांसाठीं धान्य बाजारांतून आणावें लागे. तो एकाच वेळीं नियंत्रित भावाचा विक्रेता आणि टंचाईच्या बाजारांतला गिऱ्हाईक होता. गुऱ्हाळाची काहील फुटली तर नवी काहील करावयाला पत्रा हवा. लोखंड व पोलाद यांवर तर १९४१ पासूनच नियंत्रण. नांगराचा फाळ, गाडीच्या चाकाची धांव, विहिरीवरच्या एंजिनाचें तेल, दिव्याचें रॉकेल, अंगावरचें धोतर-लुगडें, यांपैकीं कशासाठीं परवाना, तर कशासाठीं रांग. गव्हाचा भाव बांधला डिसेंबर १९४१ मध्यें. सुती कापड व सूत यांवरील नियंत्रणाचा हुकूम आला जून १९४३ मध्यें. या दीड वर्षाच्या अंतरांतच शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याचें सार आहे. नियंत्रण नको, असें त्याचें म्हणणें नव्हतें. माझ्या मालाला कुलूप घालतां, तर मी जें विकत घेतों त्याला त्याच दिवशीं घाला, एवढेंच तें होतें.

नियंत्रण उठलें आणि पुन्हां आलें

युद्ध १९४५ सालीं संपलें, पण टंचाई संपली नाहीं. युद्धकालीन नियमांची मुदत सरतांच १९४६ सालीं जीवनोपयोगी पुरवठ्याचा तात्पुरता कायदा करण्यांत आला. १९४७ सालीं भावांच्या विचारासाठीं सरकारनें एक मंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष मुंबई प्रांताचा पुरवठा सांभाळलेले अ. दि. गोरवाला, आणि सभासद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. नियंत्रणें घाईनें उठवूं नयेत, असें या मंडळाचें मत होतें. महात्माजींचें मत उलट होतें. नियंत्रणानें लांचलुचपत व दांभिकता वाढते, असें ते म्हणत. डिसेंबर १९४७ मध्यें नियंत्रणें उठूं लागलीं.

साखरेचें काय झालें तें आंकड्यांत पाहावें. कारखान्यावरील भाव मणास सुमारें २१ रुपये होता, तो नियंत्रण उठतांच ३५ रुपयांवर गेला. धान्याचेहि भाव भडकले. १९४८ च्या अखेरीस धान्यावर नियंत्रण पुन्हां आलें, १९४९ सालीं साखरेवरहि आलें. या दोन वर्षांनीं एक गोष्ट शिकविली. वाईट नियंत्रणाचा उपाय म्हणजे नियंत्रणाचा अभाव नव्हे. आणि मोकळ्या बाजाराचा नफा शेतकऱ्याच्या पदरांतच पडतो, असेंहि नाहीं. साखरेच्या त्या चौदा रुपयांच्या वाढींतून बारामतीच्या गुऱ्हाळवाल्याला काय मिळालें, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें.

याच सुमारास कारखाना आपलाच असावा, हा विचार बळावला. प्रवरेकांठीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें निघालेला सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामांत चालूं झाला. त्यानंतरच्या कांहीं वर्षांत आपल्या भागांत माळेगांव व भवानीनगर येथें सहकारी कारखाने उभे राहिले. गुऱ्हाळाचा धनी कारखान्याचा सभासद झाला.

मात्र लेव्हीनें त्याची पाठ सोडली नाहीं. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यानें तात्पुरता अधिकार कायमचा झाला. १९६७ सालीं साखरेवर अंशतः नियंत्रण ठेवण्याचें ठरून कारखान्याच्या साखरेपैकीं शेंकडा ६० लेव्ही म्हणून सरकारला ठरल्या भावानें द्यावी व ४० मोकळ्या बाजारांत विकावी, अशी रीत पडली. हें प्रमाण पुढें बदलत गेलें, आणि लेव्हीचें हें बंधन २०१३ सालीं निघालें. खासगी कारखान्यांत लेव्हीचा तोटा मालक सोसतो. सहकारी कारखान्यांत मालक शेतकरीच, म्हणून तो तोटा उसाच्या बिलांत उतरतो. रेशनच्या दुकानांतली स्वस्त साखर कोणाच्या पदरची होती, याची जाणीव ती खाणाऱ्यांना फारशी नव्हती.

यांतून काय घ्यावें

पहिली गोष्ट: टंचाईंत वांटप न्यायाचें व्हावें, म्हणून सरकारनें हात घालणें अवश्य आहे. जमीनधारकांनीं यास विरोध करणें म्हणजे आपल्याच गांवच्या भूमिहीनाच्या ताटाला विरोध करणें होय. दुसरी: भाव बांधावयाचा तर आधीं सांठा हवा, नियमित खरेदी हवी, आणि शेतकऱ्याच्या खरेदीच्या वस्तूंचेहि भाव त्याच वेळीं बांधले पाहिजेत. तिसरी: जें पीक शेतांत उभें आहे, त्याला त्याच्या लागणीच्या वेळचा खर्च ओळखून भाव मिळाला पाहिजे, अडसाली उसाच्या बाबतींत तर हें विशेषच.

चौथी गोष्ट आपल्या स्वतःच्या कर्तव्याची आहे, आणि तीच आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाव ठरविण्याच्या बैठकींत व्यापाऱ्याची वही असते, कारखानदाराचा ताळेबंद असतो, शहराच्या महागाईचा आंकडा असतो. शेतकऱ्याचें मात्र बहुधा गाऱ्हाणेंच असतें. १९३३ ते १९३६ या काळांत ऊस व कापूस पिकविणाऱ्या भागांत उत्पादनखर्चाची चौकशी झाली होती. १९६५ सालीं शेतमालाच्या भावांसाठीं आयोग नेमला गेला, आणि १९७० नंतर लागवडीच्या खर्चाचे आंकडे नियमानें गोळा होऊं लागले. हे आंकडे निवडक शेतांवरून काढलेले असतात. आपलें शेत त्या सरासरीहून निराळें आहे, हें दाखवावयाचें तर आपली वही हवी. आणेवारीचे आतां पैसे झाले, पन्नास पैशांच्या आंतील गांव टंचाईचें ठरूं लागलें. तरी नदीकडचा व माळाकडचा हा भेद अजून सरासरींत बुडतोच.

म्हणून प्रत्येक खातेदारानें लागणीच्या दिवसापासून बियाणें, खत, पाणीपट्टी, मजुरी, बैल वा यंत्राचें भाडें आणि घरच्या माणसांची मेहनत हीं सर्व गट नंबराप्रमाणें लिहून ठेवावीं. आणि तोलाच्या दिवशीं उत्पन्नहि तितक्याच काटेकोरपणानें, न लपवितां लिहावें. अर्धी वही खोटी असेल तर उरलेली अर्धीहि कोणी खरी मानणार नाहीं. पुढची लढाई कोठें पेटेल हें कोणासच सांगतां येत नाहीं. परंतु ती पेटली कीं भाव बांधण्याची बैठक पुन्हां भरेल. त्या बैठकींत इंदापूरच्या माळाचा व नीराकांठच्या मळ्याचा खरा खर्च कागदावर असावा, याची तयारी मात्र आजच्या हंगामापासून करतां येते.